कंपनीच्या राज्यातली वर्तमानपत्रं

सेकंड लाइफ हे आभासी जग २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधीच, एप्रिल महिन्यात, तिथे एक वार्ताहर कामाला लागला होता. त्यांचं नाव वॅग्नर जेम्स आउ. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने स्वतःच त्यांना करारावर नेमलं होतं. या जगात वावरायचं, इथल्या लोकांना भेटायचं आणि दिसेल ते बातमीदाराच्या शिस्तीने लिहायचं, असं ते काम. वस्ती अजून विरळ होती, दुकानं थाटायची होती, नियम रोज बदलत होते. बातमी लिहिणारा माणूस मात्र हजर होता.

आभासी जगांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुधा दोनच अंगांनी. मुलं त्यात वाया जातात, हे एक. आणि उद्याचा काळ तिथेच आहे, हे दुसरं. आत राहणारी माणसं या दोन्हींत दिसत नाहीत. ती दिसतात तिथल्या बातम्यांत. म्हणून या लेखात सेकंड लाइफची ओळख तिथल्या वर्तमानपत्रांच्या वाटेने करून द्यायची आहे. त्याला आणखी एक कारण आहे. अशा जगात जमीनदार, टांकसाळ, पोलीस आणि न्यायाधीश ही सारी कामं एकच कंपनी करते. रहिवाशांना तिथे मताचा अधिकार नसतो. अशा ठिकाणी स्वतंत्र बातमी ही रहिवाशांच्या हातातली पहिली संस्था ठरते, आणि बऱ्याचदा शेवटचीही.

जमीन, ठोकळे आणि पैसा

सेकंड लाइफला खेळ म्हणता येत नाही. तिथे जिंकायचं काही नसतं. गुण नाहीत, टप्पे नाहीत, शेवट नाही. खातं उघडलं की एक देह मिळतो. त्याची उंची, वर्ण, लिंग, केस, कपडे हवे तसे बदलता येतात. कुणी कोल्हा होऊन वावरतं, कुणी ड्रॅगन. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये लिंडन लॅबची स्थापना केली. पुढे त्यांचा भर यावर राहिला की हे जग कंपनीने बांधायचं नाही, लोकांनी बांधायचं.

बांधकामाचं मूळ साधन म्हणजे ‘प्रिम’: घन, गोल, दंडगोल असे साधे ठोकळे. ते ताणून, कापून, एकमेकांना जोडून खुर्चीपासून किल्ल्यापर्यंत सगळं उभं राहतं. वस्तूला हालचाल द्यायची तर कंपनीच्याच संगणकभाषेत सूचना लिहाव्या लागतात. जमीन चौकोनी तुकड्यांत असते. अशा एका तुकड्याला ‘सिम’ म्हणतात. तो २५६ मीटर लांब आणि २५६ मीटर रुंद, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर, आपल्या हिशेबाने सुमारे सोळा एकर. एका सिमवर किती ठोकळे रचायचे यालाही मर्यादा असते. बराच काळ ती १५,००० होती. जमीन विकत घेतल्यावरही दरमहा शुल्क भरावं लागतं. त्याला तिथले लोक ‘टिअर’ म्हणतात. नोव्हेंबर २००६ पासून एका खासगी बेटासाठी सुरुवातीला १,६७५ डॉलर आणि मग दरमहा २९५ डॉलर मोजावे लागत. ही रक्कम खऱ्या अमेरिकी डॉलरांत भरायची असते, हे लक्षात ठेवावं. पुढच्या बहुतेक भांडणांचं मूळ तिथेच आहे.

रोजचे व्यवहार लिंडन डॉलर या चलनात होतात. एका अमेरिकी डॉलरला साधारण अडीचशे लिंडन डॉलर मिळतात. ते परत खऱ्या डॉलरांत बदलून घेता येतात. त्यामुळे आतल्या दुकानात कपडे, केशरचना किंवा घरं विकून काही लोक बाहेरचं घरभाडं भरू लागले. दर चार तासांत तिथे एक दिवस संपतो: तीन तास उजेड, एक तास रात्र. कंपनीच्या नोकरांचं आडनाव ‘लिंडन’ असतं. त्यामुळे कुणाशी बोलताना तो शेजारी आहे की सरकार, हे नावावरून लगेच कळतं. वार्ताहर आउ हेही आत ‘हॅम्लेट लिंडन’ या नावाने वावरत.

कमोडोरवरचं साप्ताहिक

अशा जगात वर्तमानपत्र निघणं सेकंड लाइफपासून सुरू झालं असं मात्र नाही. १९८६ साली लुकासफिल्म कंपनीने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘हॅबिटॅट’ नावाचं जग प्रायोगिक स्वरूपात सुरू केलं. टेलिफोनच्या तारेवरून जोडलेले लोक एका नगरात चित्ररूपाने वावरत. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे कर्ते. त्यांनी पुढे लिहिलेल्या अनुभवांत ‘द रँट’ या तिथल्या साप्ताहिकाची हकीकत आहे. एक रहिवासी आठवड्याचे वीस ते चाळीस तास खर्चून वीस, तीस, कधी पन्नास पानांचा अंक एकहाती काढत असे. बातम्या, कार्यक्रमांच्या सूचना, अफवा, अगदी कथासुद्धा त्यात असत. मजकूर जुळवण्याची साधनं अतिशय ओबडधोबड होती, तरी अंक निघत राहिला.

त्याच नगरात चोऱ्या आणि खून होऊ लागले. शस्त्रांवर बंदी आणावी का, यावर नागरिकांत वाद पेटला. बाहेरच्या जगात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू असलेल्या एका रहिवाशाने शस्त्र आणि चोरी वर्ज्य मानणारा पंथ काढला. शेरीफची निवडणूकही झाली. पडद्यावर काही ठिपक्यांची माणसं आणि मोजक्या ओळींचं बोलणं, एवढ्यावर हे सारं घडलं. चित्रं किती हुबेहूब आहेत याचा समाज तयार होण्याशी फारसा संबंध नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढे त्रिमितीय चष्म्यांवर अब्जावधी डॉलर खर्च करणाऱ्यांनी हा अनुभव वाचायला हवा होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कराविरुद्ध उठाव

सेकंड लाइफ खुलं झाल्यावर पहिली मोठी बातमी आली ती कराची. तेव्हा रहिवाशांनी रचलेल्या प्रत्येक ठोकळ्यावर कंपनी लिंडन डॉलरांत कर घेई. सर्व्हरवरचा भार मर्यादेत राहावा हा त्यामागचा हेतू. परिणाम उलटा झाला. जे सर्वांत जास्त बांधतील, ज्यांच्यामुळे हे जग पाहण्याजोगं होईल, त्यांच्यावरच सर्वांत जास्त बोजा पडू लागला. अमेरिकेतल्या प्रसिद्ध वास्तूंची प्रतिरूपं उभारणाऱ्या एका गटाने उठाव केला. बोस्टनच्या १७७३ च्या चहाच्या बंडाची आठवण देणारे चहाच्या खोक्यांचे ढीग जागोजागी रचले गेले, फलक लागले.

या उठावाचं वार्तांकन आउ यांनी केलं. पगार कंपनीचा, बातमी कंपनीविरुद्धच्या बंडाची. ही अवघड जागा होती, आणि त्यांनी तिथे बंडखोरांची बाजू दडवली नाही. लिंडन लॅबनेही ती छापू दिली, याचं श्रेय तिला द्यायला हवं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ठोकळ्यांवरचा कर रद्द झाला आणि जमीन विकत घेऊन दरमहा शुल्क भरण्याची पद्धत आली. त्याच सुमारास, नोव्हेंबर २००३ मध्ये, कंपनीने आणखी एक निर्णय जाहीर केला: रहिवासी जे घडवतील त्याचे बौद्धिक संपदेचे हक्क त्यांच्याकडेच राहतील. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांचा सल्ला त्यामागे होता. त्या काळी इतर आभासी जगांत खेळाडूने केलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं ठरत असे, म्हणून हा निर्णय मोठा. पुढची सगळी अर्थव्यवस्था त्यावर उभी राहिली.

तरीही पगारी वार्ताहर हा शेवटी पगारीच असतो. आउ यांनी २००६ मध्ये करार संपवला आणि ‘न्यू वर्ल्ड नोट्स’ हा आपला ब्लॉग स्वतंत्रपणे सुरू ठेवला. त्यानंतरचं त्यांचं लेखन मला अधिक मोकळं वाटतं.

हद्दपार संपादक

दुसरी परंपरा अगदी वेगळ्या ठिकाणी सुरू झाली. ‘द सिम्स ऑनलाइन’ हे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीचं जग डिसेंबर २००२ मध्ये खुलं झालं. त्यातलं सर्वांत मोठं शहर अल्फाव्हिल. मिशिगन विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर लडलो यांनी २००३ मध्ये ‘अल्फाव्हिल हेरल्ड’ काढलं. नवख्यांना लुबाडणाऱ्या टोळ्या, स्वयंघोषित शहरसत्ता चालवणारे गट, आणि अल्पवयीन मुलांच्या खात्यांवरून चाललेल्या लैंगिक संभाषणाच्या सौद्यांचे आरोप, असं सगळं त्यात छापून येऊ लागलं. डिसेंबर २००३ मध्ये कंपनीने लडलो यांचं खातं बंद केलं. नियमभंग हे अधिकृत कारण होतं. पण ज्याने गैरप्रकार उजेडात आणले तोच बाहेर, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला, आणि न्यूयॉर्क टाइम्स व बीबीसीपर्यंत ही बातमी पोचली.

लडलो २००४ मध्ये वर्तमानपत्रासह सेकंड लाइफमध्ये आले. नवं नाव ‘सेकंड लाइफ हेरल्ड’. पत्राचा बाज उघड उघड टॅब्लॉइडचा होता. भाषा टोकदार, कधी सवंग, मथळे भडक. आउ यांच्या संयत लेखनाशेजारी ते उग्र वाटे. पण लिंडन लॅब कुणावर मेहेरनजर ठेवते, कुणाला कशासाठी हाकलते, हे प्रश्न तेच सतत लावून धरत होतं. लडलो आणि मार्क वॉलेस यांनी या अनुभवावर लिहिलेलं पुस्तक २००७ मध्ये एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केलं.

या प्रश्नांची गरज का होती, ते तिथल्या शिक्षापद्धतीवरून कळतं. कंपनी शिक्षांची यादी जाहीर करत असे. त्यात तारीख, ठिकाण, गुन्ह्याचा प्रकार आणि शिक्षा असे. आरोपीचं नाव, तक्रारदाराचं नाव, पुरावा यांपैकी काही नसे. काही काळ तर शिक्षा झालेल्या देहाला दूर कुठेतरी मक्याच्या शेतात नेऊन सोडत. चहूकडे मका, एक संथ ट्रॅक्टर आणि जुनी कृष्णधवल फिल्म दाखवणारा दूरदर्शन संच. ऐकायला हे गमतीचं आहे. पण ज्याचं दुकान, गिऱ्हाईक आणि मित्रमंडळ सगळं त्या जगात आहे त्याला बाजू मांडण्याची जागा नाही, हे गमतीचं नाही.

तिथली बातमीदारी कशी चालते

इथे वार्ताहराला काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली नावाची. माणसाचं आतलं नाव हेच त्याचं नाव. बाहेर तो कोण, कुठे राहतो, स्त्री की पुरुष, हे विचारणं असभ्य मानतात आणि परवानगीविना ते उघड करणं नियमाने बंद आहे. तेव्हा बातमीत आतलंच नाव येतं. वर्षानुवर्षं जपलेलं ते नाव, त्याला चिकटलेली पत आणि बदनामी, दोन्ही खरी असतात.

दुसरी अडचण पुराव्याची. दोघांतलं लेखी संभाषण संमतीशिवाय आत प्रसिद्ध करायला नियमांची मनाई आहे. पडद्याचं छायाचित्र बनावट असू शकतं. एकाच माणसाची चार खाती असू शकतात आणि चारही एकमेकांना दुजोरा देऊ शकतात. म्हणून चांगला वार्ताहर घटनेच्या जागी स्वतः जाऊन उभा राहतो, अनेकांशी वेगवेगळं बोलतो, आणि त्या वस्तीत आधीपासून ओळखीचा असतो. ओळख नसेल तर कुणी काही सांगत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. ज्या कंपनीविषयी लिहायचं तिच्याच परवान्यावर वार्ताहराचा प्रवेश असतो. खातं बंद झालं की बातमीचा उगमच बंद. यावर लडलो यांनी एक साधा उपाय केला होता: वर्तमानपत्र त्या जगाबाहेर, कंपनीच्या हाताबाहेर ठेवलं. म्हणून हद्दपारीनंतरही ते छापलं जात राहिलं.

पाहुणे आले आणि गेले

२००६ आणि २००७ ही सेकंड लाइफच्या बाहेरच्या प्रसिद्धीची वर्षं. मे २००६ मध्ये बिझनेसवीकच्या मुखपृष्ठावर अँशे चंग ही जमिनीची व्यापारी झळकली. हे आयलीन ग्रेफ यांचं आतलं नाव. जमीन घेऊन, सजवून, भाड्याने देऊन आपली आभासी मालमत्ता दहा लाख डॉलरवर गेल्याचं त्यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं. ३१ ऑगस्टला व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मार्क वॉर्नर यांनी आउ यांना आत येऊन मुलाखत दिली. ऑक्टोबरमध्ये रॉयटर्सने तिथे कार्यालय उघडलं आणि अ‍ॅडम पॅसिक हे वार्ताहर ‘अ‍ॅडम रॉयटर्स’ नावाने बसू लागले. डिसेंबरमध्ये जर्मनीच्या अ‍ॅक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसमूहाने ‘अ‍ॅव्हास्टार’ हे टॅब्लॉइड काढलं. मे २००७ मध्ये मालदीव आणि त्यापाठोपाठ स्वीडन यांनी आभासी दूतावास थाटले.

कपड्यांच्या, मोटारींच्या, शीतपेयांच्या कंपन्यांनी बेटं विकत घेतली. गिऱ्हाईक तिथे फिरकलं नाही. अमेरिकन अ‍ॅपरलने जून २००६ मध्ये उघडलेलं दुकान वर्षभरात बंद केलं. २००७ च्या उन्हाळ्यात वायर्ड मासिकाने या ओस बेटांवर लेख छापला आणि हवा उतरली.

बाहेरच्या पत्रकारांची मोठी चूक आकड्यांत झाली. ऑक्टोबर २००६ मध्ये खात्यांची संख्या दहा लाख झाली, डिसेंबरात वीस लाख. वर्तमानपत्रांनी ते ‘रहिवासी’ म्हणून छापलं. एका वेळी आत असणाऱ्यांची संख्या मात्र हजारांत होती. खातं फुकट मिळायचं. एकदा येऊन कंटाळून गेलेला माणूसही त्या आकड्यात कायम राहायचा. इंटरनेटचे अभ्यासक क्ले शर्की यांनी डिसेंबर २००६ मध्ये हा फरक स्पष्टपणे मांडला. आत राहणाऱ्या लोकांना तो आधीच ठाऊक होता, कारण संध्याकाळी चौकात किती माणसं आहेत हे ते रोज पाहत होते. एका वेळी हजर असलेल्यांचा उच्चांक पुढे २००९ च्या सुरुवातीला सुमारे ८८ हजार झाला, तेव्हा बहुतेक पाहुणे पत्रकार निघून गेलेले होते. रॉयटर्सचं कार्यालयही बंद पडलं होतं.

पैसा बुडतो तेव्हा

पाहुण्यांपैकी रॉयटर्सने एक काम मात्र नेटाने केलं: पैशाच्या बातम्या. आतल्या वर्तमानपत्रांनीही या विषयात कसूर केली नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये ‘कॉपीबॉट’ नावाची आज्ञावली पसरली. तिने कुणाच्याही वस्तूची हुबेहूब नक्कल होत असे. महिनोन्महिने खपून शिवलेला पोशाख दुसऱ्याने क्षणात उचलावा, हे दुकानदारांना सहन होणारं नव्हतं. शेकडो दुकानांनी निषेध म्हणून कुलपं लावली. कंपनीने कॉपीबॉटचा वापर नियमभंग ठरवला.

मग आली जिंको फायनान्शियल. ही रहिवाशांनीच काढलेली बँक. जागोजागी तिची पैसे भरायची यंत्रं, आणि व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक. ही रक्कम कुठे गुंतवली जाते, याचं उत्तर कधीच नीट मिळालं नाही. हेरल्डसह अनेकांनी वेळोवेळी शंका घेतल्या होत्या. जुलै २००७ मध्ये लिंडन लॅबने जुगारावर बंदी घातली. या बंदीने घाबरलेले ठेवीदार पैसे काढायला धावले, बँकेने काढण्यावर मर्यादा घातली, आणि ऑगस्टमध्ये ठेवींचं रूपांतर मुदत नसलेल्या रोख्यांत करून टाकलं. बुडालेली रक्कम सुमारे साडेसात लाख अमेरिकी डॉलर. महाराष्ट्रात पतपेढी बुडताना ज्याने पाहिली आहे त्याला हा क्रम पाठ असेल: आधी अवाजवी व्याज, मग ‘दिवसाला इतकेच मिळतील’ अशी पाटी, मग कागद. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने खऱ्या सरकारी नोंदणीशिवाय व्याज देण्यावर बंदी आणली. ठेवीदारांचे पैसे परत करण्याची जबाबदारी तिने घेतली नाही.

पेनसिल्व्हेनियातले वकील मार्क ब्रॅग यांचा खटला याहून दूरगामी ठरला. लिलावाच्या पद्धतीतली फट शोधून त्यांनी एक जमीन स्वस्तात घेतली, असं कंपनीचं म्हणणं होतं. कंपनीने २००६ मध्ये त्यांचं खातं गोठवलं आणि सगळी मालमत्ता काढून घेतली. त्यांनी खटला भरला. ‘आमच्या अटी तुम्ही मान्य केल्या आहेत, तेव्हा न्यायालयात नाही, लवादापुढे या’ हा कंपनीचा बचाव. ३० मे २००७ रोजी न्यायाधीश एदुआर्दो रोब्रेनो यांनी तो फेटाळला. लवादाची अट एकतर्फी आणि अन्याय्य असल्याचं त्यांनी म्हटलं. ऑक्टोबरमध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं, त्यामुळे आभासी जमिनीची मालकी खरी की नाही हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. पण बटण दाबून मान्य केलेल्या अटींच्या वर न्यायालय आहे, एवढं नोंदलं गेलं.

मोर्चे आणि संप

फ्रान्सच्या नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाने सेकंड लाइफमध्ये कार्यालय उघडलं होतं. जानेवारी २००७ मध्ये विरोधकांनी शेजारची जागा घेऊन निदर्शनं सुरू केली. पुढे प्रकरण बंदुका आणि फुटणाऱ्या डुकरांपर्यंत गेलं. आउ यांनी तिथे उभं राहून त्याचं वर्णन लिहिलं.

त्याच वर्षी २७ सप्टेंबरला इटलीतल्या आयबीएम कामगारांनी तिथे संप केला. उत्पादकतेशी जोडलेला भत्ता कंपनीने बंद केला होता, त्याविरुद्ध. अनेक देशांतले अठराशेहून अधिक लोक फलक घेऊन आयबीएमच्या आभासी बेटांवर जमले. इटलीतल्या कंपनीप्रमुखांनी पुढच्या काही आठवड्यांत पद सोडलं आणि कामगारांशी नवा करार झाला. एवढं सगळं केवळ त्या एका दिवसामुळे झालं असा दावा मी करणार नाही, कारण बाहेरही संघटना झगडतच होती. पण ज्या कंपनीने आपण आधुनिक आहोत हे दाखवायला बेटं घेतली, तिला त्याच बेटांवर गाठण्याची कल्पना उत्तम होती.

लिंडन लॅबविरुद्धही निदर्शनं होत. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘ओपनस्पेस’ नावाच्या हलक्या जमिनींचं मासिक शुल्क ७५ डॉलरवरून १२५ करण्याची घोषणा झाली तेव्हा मोठा उद्रेक झाला, आणि कंपनीला योजना काही अंशी बदलावी लागली.

नऊ माणसं, एक देह

आतल्या वार्ताहराचं मोल खरं कळतं ते अशा बातम्यांत, जिथे ना पैसा असतो ना भांडण. डिसेंबर २००४ मध्ये आउ यांनी वाइल्ड कनिंगहॅम या रहिवाशाविषयी लिहिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका दिवसा चालणाऱ्या केंद्रातले नऊ प्रौढ हा एकच देह मिळून चालवत. सगळ्यांना तीव्र सेरेब्रल पाल्सी. बहुतेकांना बोलणं अवघड, टंकलेखन त्याहून अवघड. त्यांची काळजी घेणारी एक बाई प्रत्येकाला विचारून, एकमत झालं की ते टंकत असे. कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, कोणता शर्ट घालायचा, सगळं नऊ जण मिळून ठरवत. बाहेरच्या जगात लोक आमच्या खुर्चीकडे पाहतात, इथे आधी आमच्याशी बोलतात, असा त्यांच्या अनुभवाचा आशय होता. तिथल्या लोकांनी त्यांना जागा दिली, घर बांधायला मदत केली. ही बातमी कुणी पत्रक काढून दिलेली नव्हती. वार्ताहर रोज तिथे वावरत होता म्हणून ती त्याला सापडली.

टॉम बोलस्टॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने हेच काम संशोधनाच्या पद्धतीने केलं. कॅलिफोर्नियातले हे प्राध्यापक आधी इंडोनेशियात क्षेत्रकार्य करत. २००४ ते २००७ या काळात ते सेकंड लाइफमध्ये घर करून राहिले. सारं संशोधन आतच केलं आणि लोक बाहेर कोण आहेत हे तपासायचं नाही असं ठरवलं. त्यांचं पुस्तक २००८ मध्ये आलं. अपंग रहिवाशांसोबतच्या त्यांच्या पुढच्या कामावर बर्नहार्ड ड्रॅक्स यांनी २०१८ मध्ये माहितीपट केला. स्वतः ड्रॅक्स हे आत ‘ड्रॅक्सटर डेस्प्रेस’ नावाने वर्षानुवर्षं चित्रवृत्तं करणारे वार्ताहर. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी तिथे २००५ पासून दरवर्षी रात्रभर चालण्याचा निधीसंकलन कार्यक्रम होतो. २००७ मध्ये त्यातून एक लाखाहून अधिक खरे डॉलर जमा झाले. कर्करोगाने गेलेल्या माणसाच्या नावाचा दिवा लावून लोक आपापल्या देहाने वाटेवर चालतात. याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आज

२०१० मध्ये लिंडन लॅबने तीस टक्के नोकर कमी केले. बाहेरच्यांनी सेकंड लाइफ संपल्याचं गृहीत धरलं. ते संपलेलं नाही. दहाव्या वर्षी, २०१३ मध्ये, महिन्याला सुमारे दहा लाख लोक येतात असं कंपनी सांगत होती. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने नाव बदलून मेटा केलं आणि हा विषय पुन्हा मथळ्यांत आला. पुढच्या जानेवारीत रोझडेल सल्लागार म्हणून लिंडन लॅबमध्ये परतले. आउ अजून लिहितात. मेटाव्हर्सवरचं, म्हणजे अशाच आभासी जगांवरचं, त्यांचं पुस्तक २०२३ मध्ये निघालं.

पण आज सर्वांत दाट वस्ती आहे ती मुलांच्या जगांत, आणि तिथे वार्ताहर फार थोडे. रोब्लॉक्स हे त्यातलं मोठं नाव. आपल्या शहरांतली मुलंही ते खेळतात. तिथले खेळ रहिवासीच बनवतात, त्यांत अनेक अल्पवयीन. ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘पीपल मेक गेम्स’ या स्वतंत्र पत्रकारांच्या लहान चमूने या मुलांच्या कमाईचा हिशेब मांडला. रोबक्स हे तिथलं चलन. एक लाख रोबक्स जमल्याशिवाय तेव्हा पैसे काढता येत नसत. तेवढे रोबक्स विकत घ्यायला सुमारे १,००० डॉलर पडत. खेळ बनवणाऱ्याला त्याच एक लाखाचे ३५० डॉलर मिळत. चित्रफीत काढून टाकण्याची मागणी कंपनीने केली, असं त्या चमूने जाहीर केलं आणि डिसेंबरमध्ये दुसरी, अधिक खोलवरची चित्रफीत प्रसिद्ध केली.

त्यांचे प्रश्न साधे होते. काम करणाऱ्याचं वय काय? करार कुणाशी झाला? पैसे कुणी ठरवले? कुणी त्रास दिला तर तक्रार कुठे करायची, आणि तिचं पुढे काय होतं? पुण्यातल्या किंवा नांदेडच्या वार्ताहरालाही हे प्रश्न घेऊन काम करता येईल. त्यासाठी आधी खातं उघडून काही महिने तिथे राहावं लागेल.